माळावर चालायचं कमी, थांबायचं जास्त: सोलापूरजवळच्या सोप्या पायवाटा

सोलापूरहून वन्यजीव बघायला निघणारे बहुतेक जण पहिली चूक घरातच करतात. नाश्ता उरकून आठला निघतात, नऊच्या सुमाराला माळावर पोचतात, तासभर उन्हात फिरून एक टिटवी आणि दोन कुत्री बघतात आणि "इथं काही नाही" म्हणत परततात. त्याच माळावर सकाळी सात ते नऊ या वेळात काळविटांचा कळप चरत असतो, खोकड हा कोल्ह्याच्या जातीतला छोटा प्राणी बिळाच्या तोंडाशी ऊन खात बसलेला असतो आणि भोवत्या हा शिकारी पक्षी गवतावरून दोन-तीन मीटर उंचीवर घिरट्या घालत असतो. नऊनंतर हे सगळं आटोपतं.

डिसेंबर-जानेवारीत सोलापुरात सूर्य सातच्या आसपास उगवतो. साडेसहाला माळाच्या कडेला पोचायचं असेल तर बार्शी रस्त्यावरच्या नान्नजच्या माळासाठी शहरातून पावणेसहाला निघायला हवं. उन्हाळ्यात हे सगळं तासभर अलीकडे घ्या. दहानंतर जमीन तापते, झळा उठतात आणि दुर्बिणीतून समोरचं सगळं पाण्यात बुडाल्यासारखं हलायला लागतं. त्या वेळी महागड्या लेन्सनं काढलेला फोटोही धूसरच येतो. दोष कॅमेऱ्याचा नसतो, तापलेल्या हवेचा असतो.

दुसरी चूक अंतराची. "किती किलोमीटरचा ट्रेक आहे?" हा प्रश्न सह्याद्रीत ठीक आहे. माळावर लपायला काही नसतं. तुम्हाला काळवीट दिसण्याआधी त्यानं तुम्हाला पाहिलेलं असतं. तुम्ही जितकं चालाल तितके प्राणी पुढे सरकत जातील. म्हणून तीन तासांत तीन-चार किलोमीटर एवढाच हिशोब धरा. दहा मिनिटं चालायचं आणि दहा-पंधरा मिनिटं एखाद्या बाभळीच्या किंवा बांधाच्या आडोशाला बसायचं. लहान मुलं आणि सत्तरीतले आजी-आजोबा हे सहज करू शकतात, कारण चढ जवळपास नाहीच.

आधी शहरात सराव

दुर्बीण नवी असेल तर पहिल्याच रविवारी नान्नज गाठू नका. विजापूर रस्त्याच्या बाजूला सिद्धेश्वर वनविहार आहे आणि त्याच रस्त्यावर धर्मवीर संभाजी तलाव, म्हणजे जुन्या माणसांचा कंबर तलाव. दोन सकाळी तिथे घालवा. वारकरी, टिबुकली, ढोकरी, खंड्या, वेडा राघू, कोतवाल, खाटीक या पक्ष्यांवर हात बसला की माळावरचे मातकट पक्षी शोधायची नजर तयार होते. ढोकरी काठावर पुतळ्यासारखी बसते, त्यामुळे फोकस शिकायला तिच्याइतका चांगला पक्षी नाही.

दुर्बीण ८ × ४२ ची घ्या. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहा पटीची चालेल, पण हात थरथरला की चित्रही तेवढंच जास्त थरथरतं. बारा-सोळा पटीची तर स्टँडशिवाय निरुपयोगी. वापरण्याआधी ती आपल्या डोळ्यांना जुळवून घ्यावी लागते आणि हेच बहुतेक जण करत नाहीत. उजवं भिंग हातानं झाका, मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्यानं लांबचा खांब स्पष्ट करा. मग डावं भिंग झाका आणि मधल्या चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवून तोच खांब स्पष्ट करा. कडी कुठे थांबली ते लक्षात ठेवा. यापुढे फक्त मधलं चाक फिरवायचं. पक्षी दिसला की नजर त्याच्यावरून न काढता दुर्बीण डोळ्यांपाशी आणायची. आधी दुर्बीण लावून मग पक्षी शोधायला गेलात तर तो उडून जाईपर्यंत सापडत नाही.

नान्नजचा माळ

सोलापूर-बार्शी रस्त्यावर वीस-बावीस किलोमीटरवर नान्नज. माळढोक अभयारण्याचं हे मुख्य ठिकाण. १९७९ साली अभयारण्य जाहीर झालं तेव्हा त्याचं क्षेत्र सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर होतं. त्यात गावं, शेतं, रस्ते सगळंच आलं होतं. पुढे ते कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. फिरणाऱ्यासाठी याचा अर्थ एवढाच, की हे सलग जंगल नाही. गवताचे राखीव तुकडे आहेत आणि मध्ये ज्वारी, तूर, हरभऱ्याची रानं आहेत. राखीव तुकड्यात वन्यजीव विभागाच्या परवानगीशिवाय पाय टाकायचा नाही. नान्नजला वन्यजीव विभागाच्या ठिकाणी नोंद करा, शुल्क भरा, सोबत माणूस मागा आणि तो नेईल त्याच वाटेनं जा. कुंपणाची तार उचलून आत शिरणं हा गुन्हा आहे, आणि बिनउपयोगाचाही. तुम्ही आत शिरलात की समोरचं सगळं पलीकडच्या बाजूनं बाहेर पडतं.

माळढोक दिसेल ही आशा धरून जाऊ नका. जुनी माणसं याला नराच्या आवाजावरून हूम म्हणायची. मीटरभर उंच, नराचं वजन पंधरा किलोपर्यंत जाणारा हा पक्षी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालतो. त्याला समोरचं नीट दिसत नाही, त्यामुळे उडताना विजेच्या तारेवर आदळतो. माळ नांगरले गेले, तारा वाढल्या आणि तो हातातून निसटत गेला. पण त्याच्यासाठी राखलेल्या गवतात बाकीचे सगळे टिकून आहेत, आणि त्यांच्यासाठी नान्नजला जायलाच हवं.

चालताना सकाळी पश्चिमेकडे तोंड असू द्या, म्हणजे ऊन पाठीशी राहतं. सूर्याकडे बघत चाललात तर भोवत्या आणि घार यांतला फरकही कळत नाही, दोन्ही काळे आकार. वाट निवडताना हे एवढं साधं पाळलं तरी निम्मं काम झालं. कपडे मातकट, वाळक्या गवताच्या रंगाचे. पांढरा सदरा एक किलोमीटरवरून चमकतो.

काळवीट आधी कळपानं दिसतं: पिवळसर तपकिरी माद्या, पिल्लं, आणि एखादा काळा-पांढरा, पिळदार शिंगांचा नर. कळपातल्या एकीनं जरी मान वर केली तरी तिथेच थांबा. सगळ्या माना खाली गेल्या की पुन्हा चाला, पण सरळ त्यांच्या रोखानं नाही. तिरकं, जणू तुम्हाला दुसरीकडेच जायचंय असं. अंतर किती ठेवायचं ते मोजायला सोपी युक्ती आहे. हात पूर्ण लांब करून करंगळीचं नख डोळ्यासमोर धरा. जमिनीपासून पाठीपर्यंत काळवीट त्या नखाच्या रुंदीच्या निम्मं दिसत असेल तर अंतर साधारण शंभर मीटर आहे. त्याहून मोठं दिसत असेल तर तुम्ही जास्तच जवळ गेलात. मादी जमिनीवर जोरात पाय आपटू लागली किंवा एकीनं उंच उडी मारली की कळप पळणार हे नक्की. तेव्हा मागे फिरा, पाठलाग करू नका. पिल्लं असलेल्या कळपाला पळवलं की पिल्लू मागे पडतं आणि माळावर मोकाट कुत्री कायम टपलेली असतात.

एकटा नर एकाच जागी रेंगाळताना दिसला तर आसपासची जमीन बघा. लेंड्यांचा मोठा, थरावर थर साचलेला ढीग सापडेल. तो नर तिथेच पुन्हा पुन्हा येऊन आपली हद्द दाखवत असतो. अशा ढिगापासून लांब, आडोशाला अर्धा तास बसलात तर नर आपणहून येतो. माळावर "बसून राहणं" म्हणतात ते हेच.

लांडगा आणि गावकुत्रं यांत सगळ्यांचीच गफलत होते. शेपूट बघा. कुत्र्याची बहुधा वर वळलेली असते, लांडग्याची खाली सरळ लोंबती. लांडग्याचे पाय शरीराच्या मानानं लांब, छाती अरुंद, आणि तो चालतो तेव्हा एका ओळीत, मागचा पाय पुढच्याच्या ठशावर टाकत. ओल्या धुळीत हे ठसे दोरी लावल्यासारखे सरळ जातात. कुत्र्याचे वेडेवाकडे भटकतात. वाटा जिथे मिळतात तिथे केसांनी भरलेली, वाळून पांढरी पडलेली विष्ठा दिसली तर लांडगा त्या वाटेनं नेहमी जातो. हिवाळ्यात त्यांची पिल्लं बिळात असतात. बीळ दिसलं तर फोटोसाठी तोंडाशी जाऊ नका, जागा कुणाला सांगू नका, आणि मोबाइलवर तर मुळीच टाकू नका. एकदा गर्दी झाली की मादी पिल्लं उचलून दुसरीकडे नेते, आणि त्या नेण्यात काही पिल्लं मरतात.

खोकड लहान, मांजराहून जरा मोठं, करड्या अंगाचं, मोठ्या कानांचं. झुबकेदार शेपटीचं टोक काळं. हिवाळ्यात त्याच्या विष्ठेत बोराच्या बिया सापडतात, त्यामुळे बोरीच्या झुडपांजवळची उघडी, टणक जमीन नीट बघा. एकाच ठिकाणी तीन-चार बिळं, तोंडाशी ताजी उकरलेली माती, ही त्याची खूण. सकाळचं ऊन लागलं की ते बाहेर येऊन बसतं. कोल्हा याच्यापेक्षा बराच मोठा, आणि त्याचा आवाज संध्याकाळी गावातूनही ऐकू येतो.

पक्ष्यांसाठी नजर खाली ठेवायची. धाविक चार पावलं भरभर पळतो, थबकतो, वाकून किडा उचलतो, पुन्हा पळतो. त्याला उंच गवत नको असतं. जिथे मेंढ्या चरून गेल्या आहेत किंवा नुकतं नांगरलंय तिथे तो असतो. माळटिटवीच्या डोळ्यापुढची पिवळी झालर दिसली की नेहमीच्या लाल झालरीच्या टिटवीशी गल्लत होत नाही. पखुर्डी तर पायाखाली येईपर्यंत हलत नाही. मातीचं ढेकूळ समजून पाऊल टाकायला जावं आणि जोडीनं फडफडत ओरडत उडावी. सूर्य वर आल्यावर दोन-तीन तासांनी पखुर्ड्या थव्यानं पाण्यावर येतात. पिल्लांच्या दिवसांत नर पोटाची पिसं पाण्यात भिजवून ते पाणी पिल्लांपर्यंत नेतो. एखादं छोटं तळं किंवा पाणवठा माहीत असेल तर त्याच्यापासून चाळीस-पन्नास मीटरवर, झुडपाच्या आड, नऊच्या आधी जाऊन बसा. पाणवठ्याच्या अगदी काठावर बसलात तर तहानलेले पक्षी घिरट्या घालून परत जातात. उन्हाळ्यात हा त्रास त्यांना परवडत नाही.

भोवत्या मध्य आशियाकडून हिवाळ्याला येतात, साधारण ऑक्टोबर ते मार्च. पंख इंग्रजी व्ही सारखे वर धरून, गवताला घासत जातील इतक्या खालून तरंगतात. मादी तपकिरी आणि शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा, एवढं पुरे. संध्याकाळी त्या उंच गवतात जमिनीवरच एकत्र मुक्कामाला उतरतात, तेव्हा सूर्य मावळायच्या वेळी राखीव गवतात कुणी शिरायचं नाही. जानेवारीत ज्वारी दाण्यावर आली की काळ्या डोक्याच्या भारिटांचे पिवळेधमक थवे रानारानात दिसतात. शेतकरी गोफण फिरवत असतो, त्या वेळी उभ्या पिकातून फोटो काढत जाणाऱ्या पाहुण्याचं स्वागत तो कसं करेल हे सांगायला नको. बांधावरून जा, आधी विचारून जा. "काका, या बांधानं पुढं जाऊ का? पिकात नाही शिरत," एवढं म्हटलं की बहुतेक वेळा हुरड्याचंच आमंत्रण मिळतं.

कुसळाचं शास्त्र

ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत माळावर तुम्हाला सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट म्हणजे कुसळ. एक कुसळ तळहातावर घेऊन बघा. पुढे सुईसारखं टोक, त्याच्यामागे उलट्या दिशेनं वळलेले बारीक ताठ केस, आणि मागे दोरीसारखी पिळलेली लांब शेपटी. त्या शेपटीला पाण्याचा एक थेंब लावा. काही क्षणांत ती हातावरच गरगर उलगडायला लागते. वाळली की पुन्हा पिळते. ओल-कोरडीच्या या खेळात बी स्वतःला जमिनीत गिरमिटासारखं घुसवतं आणि उलटे केस त्याला बाहेर येऊ देत नाहीत. तुमचा मोजा त्याच्या लेखी जमीनच. सकाळी दवात भिजलेल्या गवतातून गेलात आणि नंतर ऊन पडलं, की ती आत शिरायला लागतात.

म्हणून टेरीचे, लोकरीचे जाड मोजे टाळा. गुळगुळीत कापडाची फुल पँट घाला आणि घोट्यापासून पोटरीपर्यंत जुन्या रेनकोटच्या बाहीचा तुकडा चढवून वर-खाली इलॅस्टिक लावा. घरच्या घरी दहा मिनिटांत होतं. कुसळ शिरलंच तर आल्या दिशेनं मागे ओढू नका, केस अडकून टोक आत तुटतं. कापडाच्या आतल्या बाजूनं टोक पकडून पुढे ओढून काढा. बसायला सोलापुरी चादर नेण्याचा मोह होतो, पण चादरीत शिरलेली कुसळं धुऊनही निघत नाहीत. खताच्या धुतलेल्या पोत्याचा किंवा ताडपत्रीचा हातभर तुकडा बरा.

बूट जाड तळाचे हवेत. बाभळीचा आणि हिवराचा काटा स्पोर्ट्स शूजच्या मऊ तळातून सरळ आत येतो. टायरचंही तेच. कच्च्या गाडीवाटेवर दुचाकी नेणार असाल तर पंक्चरचं साहित्य आणि पंप सोबत असू द्या, कारण सकाळी सहाला माळावर पंक्चरवाला मिळत नाही. पावसाळ्यात मुरमाच्या वाटेनंच जा. काळ्या मातीत एकदा चाक शिरलं की मडगार्डमध्ये चिखल भरून चाक फिरायचं थांबतं, आणि बुटाला चार पावलांत किलोभर माती लागते.

पाणी हिवाळ्यात माणशी दीड लिटर, फेब्रुवारीच्या शेवटापासून अडीच ते तीन लिटर. सोलापूरचा उन्हाळा चाळीसच्या वर सहज जातो आणि माळावर सावली म्हणजे एखादं कडुनिंब किंवा बाभूळ. साध्या पाण्याबरोबर लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातलेलं पाणी वेगळ्या बाटलीत ठेवा. खायला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी: सांडत नाही, खराब होत नाही, प्लॅस्टिकचं वेष्टन लागत नाही. एप्रिल-मेमध्ये साडेनऊला गाडीकडे परत, मग समोर काहीही दिसत असो.

मार्च ते जूनमध्ये आणखी एक पथ्य आहे. टिटवी, धाविक, पखुर्डी उघड्या जमिनीवर अंडी घालतात आणि ती खड्यांत खडे होऊन मिसळून जातात. टिटवी डोक्यावरून ओरडत झेपावायला लागली, किंवा एखादा पक्षी पंख मोडल्यासारखा लंगडत पुढे जाऊ लागला, तर अंडी तुमच्या पावलाजवळच आहेत. तिथेच थांबा, खाली बघा, आणि आलात त्याच पावलांवर मागे जा. अंडी उन्हात उघडी राहिली की थोड्या वेळात भाजून जातात, म्हणून "एक फोटो काढून निघतो" हेही नको.

मेंढरं, कुत्री आणि साप

माळावर लांडग्यापेक्षा धनगराच्या कुत्र्यांची काळजी घ्यायची. ती मेंढरं राखायला असतात आणि कळपाकडे येणाऱ्या अनोळखी माणसावर धावून जातात. कळप दिसला की वाट बदलून लांबून जा. कुत्री आलीच तर पळू नका, दगड उचलू नका, उभे राहा, हात खाली ठेवा आणि मोठ्यानं "मामा, कुत्री आवरा!" अशी हाक द्या. मालकाचा एक आवाज आला की ती मागे फिरतात. मग दोन मिनिटं थांबून राम राम घाला. लांडगं काल कुठल्या ओढ्यात दिसलं, कुठल्या पाणवठ्याला अजून पाणी आहे, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. लांडग्यानं त्यांचं मेंढरू नेलं असेल तर त्यावर हसू नका आणि लांडग्याची बाजूही घेऊ नका. त्यांचं नुकसान खरं आहे, आणि त्याची भरपाई वन विभागाकडे मागता येते हे सांगितलंत तर उपयोग होईल.

दगडगोट्यांच्या जमिनीत फुरसं असतं. हातभरही लांब नसतं, रंग मातीचा. डिवचलं की वेटोळं घालून खवले एकमेकांवर घासतं आणि करवतीसारखा खरखर आवाज येतो. आवाज ऐकला की आधी थांबा, आवाज कुठून आला ते बघा आणि मगच मागे सरका. दगड उलटवू नका, न बघता बांधावर हात टेकू नका. चावलं तर चिरू नका, दोरी आवळू नका, पाय हलवू देऊ नका. माणसाला आडवं ठेवून पाय लाकडाला सैल बांधून स्थिर करा, अंगठी-पैंजण काढा, १०८ ला फोन करा किंवा थेट गाडीनं सोलापूरच्या सिव्हिलला न्या. कुठल्या सापानं चावलं हे पाहण्यासाठी सापामागे जाण्यात वेळ घालवू नका.

हिप्परगा

तुळजापूर रस्त्याला शहर मागे पडलं की एकरुख तलाव लागतो, सगळे त्याला हिप्परगा म्हणतात. ब्रिटिशांच्या काळातला तलाव. इथली फेरी सगळ्यात सोपी: काठानं दोन किलोमीटर जा आणि परत या. पण कधी जायचं हे पाण्यावर ठरवा. तलाव तुडुंब असेल तर पक्षी लांब, विखुरलेले राहतात. पाणी उतरून काठाला चिखलाचा पट्टा उघडा पडला, साधारण जानेवारीच्या शेवटापासून, की चमचे, चित्रबलाक, शेकाटे, तुतवार हे पक्षी काठाशी येतात. हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब हंसही हिवाळ्यात इथे बघायला मिळतात. त्यांच्या डोक्यावर दोन काळे पट्टे असतात. बहुधा रात्री शेतात चरतात आणि दिवसा पाण्यावर किंवा काठाशी विसावतात. चिखल वरून वाळल्यासारखा दिसतो पण आत पाय गुडघ्यापर्यंत जातो. मुलांना पट्ट्याच्या अलीकडेच थांबवा. संक्रांतीच्या सुमाराला सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असते, त्या दिवसांत शहरातून निघायला नेहमीपेक्षा जास्त वेळ धरा.

डोंगर हवाच असेल तर रामलिंग घाट

खऱ्या अर्थानं डोंगर, दरी, झाडी बघायची तर येडशीचं रामलिंग घाट अभयारण्य. तुळजापूर, धाराशिव करत सोलापूरहून नव्वदेक किलोमीटर. धाराशिव जिल्ह्यातलं हे अभयारण्य १९९७ सालचं, सुमारे २२ चौरस किलोमीटरचं. बालाघाटाच्या रांगेतलं पानझडी जंगल, आणि दरीत रामलिंगाचं देऊळ. जटायू इथे पडला अशी श्रद्धा आहे. पायऱ्या उतरून देवळापाशी जाणं आणि परत चढून येणं, एवढीही एक छान फेरी होते. गुडघे दुखणाऱ्यांनी उतरताना काठी घ्यावी, चढताना नाही घेतली तरी चालते. पावसाळ्यात देवळाजवळचा धबधबा वाहतो. ऑगस्ट ते ऑक्टोबर हा काळ उत्तम, फक्त श्रावणातले सोमवार टाळा, त्या गर्दीत मोरसुद्धा ऐकू येत नाही. धबधब्याखालचा खडक शेवाळानं बुळबुळीत असतो, तिथे चप्पल घालून चढणारे घसरतात.

माकडांना खायला घालू नका. प्रसादाची पिशवी हातात लोंबकळत ठेवली तर ती जाणारच. सगळं पाठीवरच्या चेन बंद बॅगेत. माकडानं काही हिसकावलंच तर ओढाताण करू नका, चावा मिळेल आणि मग रेबीजची लस घ्यावी लागेल.

आणि इथे माळासारखं मोकळं फिरायचं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत आलेला एक वाघ या अभयारण्यात कॅमेऱ्यात आला, आणि त्याचा वावर बार्शीच्या बाजूलाही होता. म्हणून निघण्याआधी वन विभागाकडे सध्या कुठली वाट खुली आहे ते विचारा. देवळाची मळलेली वाट सोडून झाडीत शिरायचं असेल तर त्यांच्या माणसाशिवाय नको. चार-पाच जण मिळून, उजाडल्यानंतर जायचं आणि पाचच्या आत वर यायचं. लहान मुलं मध्ये, मोठं माणूस पुढे आणि मागे.

परत आल्यावर

बूट घरात नेण्याआधी दारातच झटका, सॉक्स उलटे करून बघा. सोबत पाळीव कुत्रं नेलेलं नसेलच, कारण वन्य प्राण्यांना त्याचा रोग लागतो आणि त्याला त्यांचा. काय दिसलं ते त्याच दिवशी वहीत लिहा: तारीख, वेळ, जागा, किती नर, किती माद्या, गवत केवढं होतं. पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात कुठे बसायचं हे त्या वहीतूनच कळतं. जखमी प्राणी, तारेत अडकलेला पक्षी किंवा पेटलेलं गवत दिसलं तर स्वतः हात घालण्याआधी वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. जवळचं गाव, रस्ता आणि विजेच्या खांबावरचा नंबर सांगितलात तर त्यांना जागा लवकर सापडते.